तिरपी अक्षरं

लॅटिन नाव उच्चारताना मॅडम मान उजवीकडे कलवायच्या. फार नाही, कानात पाणी गेल्यावर आपण कलवतो तेवढीच. वनस्पतीचं शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरांत छापायचं हा जगभरचा नियम, आणि तोंडी बोलतानाही तो सुटता कामा नये असं त्यांचं म्हणणं. नाव संपलं की मान सरळ. त्या नावापाठोपाठ ती वनस्पती ज्यानं पहिल्यांदा नोंदवली त्या माणसाचं नाव येतं. ते सरळ अक्षरांत असतं, म्हणून ते सरळ मानेनं. लोणावळ्याच्या आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाची पोरं सुरुवातीला फिदीफिदी हसायची. मग तोंडी परीक्षेत एखादा ताठ मानेनं नाव सांगायचा आणि मॅडम विचारायच्या, "हा कोण? झाड की तुझा मामा?" तो मुलगा वर्गाबाहेर. दिवाळीपर्यंत अख्खा वर्ग मानेत उसण भरल्यासारखा कललेला असायचा.

त्या माझ्या पीएच.डी.च्या गाईड होत्या. मी तळेगावची, आईवडील दोघंही शाळामास्तर. मॅडम आंदर मावळातल्या, जिथं एसटी आली तर आली अशा गावच्या. छप्पन्न साली धम्म स्वीकारलेलं घर. त्या गावातून शिकून प्राध्यापक झालेली पहिली बाई त्याच. पन्नाशी केव्हाच ओलांडलेली, लग्न केलेलं नाही, चण लहान, आवाज मोठा. सुती साडी आणि खाली डोंगर चढायचे बूट, बारा महिने. लग्नालाही तेच, परीक्षेच्या सुपरव्हिजनलाही तेच.

स्टाफरूममध्ये त्यांचा डबा उघडला की भाकरी आणि सुकटीची चटणी. एकदा कुणीतरी नोटीसबोर्डावर चिठ्ठी लावली, 'स्टाफरूममध्ये ऊग्र वासाचे पदार्थ आणु नयेत.' नाव कुणाचंच नव्हतं. मॅडमनी लाल पेन काढलं, 'ऊग्र'चा उकार ऱ्हस्व केला, 'आणु'चा दीर्घ केला, खाली 'वाचले' असं लिहून सही ठोकली आणि पुन्हा जेवायला बसल्या. त्या दिवशी त्यांनी चटणी जरा जास्तच खाल्ली असं मला वाटलं. ती चिठ्ठी पुढे वर्षभर तशीच बोर्डावर होती. काढायला कुणाचाच हात धजावला नाही.

त्यांच्याबरोबर बाहेर जाणं म्हणजे शिक्षा. लोणावळ्यातल्या रिसॉर्टवाल्यांनी हल्ली झाडांना पाट्या लावायची टूम काढली आहे. आम्ही पठारावरून गवताचे नमुने घेऊन उतरत होतो. वाटेत अशी एक बाग लागली. मॅडम सरळ आत. पिशवीतून जाड मार्कर काढला आणि पाट्यांवरच्या लॅटिन नावांखाली रेघा ओढायला लागल्या, कारण हातानं लिहिलेलं असेल तर तिरप्याऐवजी खाली रेघ चालते. वॉचमन धावत आला.

"ओ मावशी, बोर्डाला हात लावू नका. सायब आमाला बोलत्याल."

"साहेबाला बोलाव. हे झाड जांभूळ नाहीये."

"मावशी, मला न्हाई ठावं. पन बोर्डावं तर जांभूळच ल्हिवलंय."

"तेच तर म्हणतेय मी!"

मॅनेजर आला. त्याला मॅडमनी त्या झाडाखाली उभं करून पान चुरगाळून हुंगायला लावलं. पुण्याहून आलेले दोन पाहुणे मोबाईलवर चित्रीकरण करत होते. मी फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले, माझा या बाईंशी काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं.

"एवढं काय आहे त्या तिरपेपणात?" असं मी त्यांना एकदाच विचारलं. त्या चिडल्या नाहीत, हे विशेष. म्हणाल्या, "कित्येक झाडांना माणसांची नावं दिलीत. सरळ लिहिलं की माणूस, तिरपं लिहिलं की झाड. ओळीत फरक दुसरा काही नसतो. आता तू ठरव, एवढं म्हणजे केवढं."

मॅडमचा खरा संसार म्हणजे त्यांचा संदर्भसंग्रह. सह्याद्रीच्या पठारांवरच्या गवतांबद्दल जिथं जे छापून आलं, जुनी नियतकालिकं, परदेशी लेख, वनखात्याचे अहवाल, त्या सगळ्याची नोंद त्यांनी संगणकात केलेली होती. त्यासाठी एक सॉफ्टवेअर असतं. लेखकाचं नाव, लेखाचं शीर्षक, वर्ष असं एकदा भरून ठेवलं की प्रबंध लिहिताना ते पाहिजे तिथं संदर्भ घालतं आणि शेवटी यादी आपोआप तयार करून देतं. या संग्रहातल्या प्रत्येक शीर्षकात जिथं जिथं वनस्पतीचं नाव होतं, ते मॅडमनी स्वतः तिरपं केलेलं होतं. कार्बन डायऑक्साइडमधला दोन ओळीखाली उतरवलेला होता. वर्षानुवर्षांचं काम. त्यांचे विद्यार्थी, आणि विद्यार्थ्यांचे विद्यार्थी, त्याच्यावरच जगत होते. माझा प्रबंधही.

मग आमच्याकडे नवे प्राचार्य आले. बोलायला गोड. त्यांनी ठरवलं की जुन्या सॉफ्टवेअरचा परवाना पुन्हा घ्यायचा नाही, सगळ्या विभागांनी नवं, फुकट मिळणारं वापरायचं. ठरवायला हरकत नव्हती. पण मॅडम गवतं बघायला भीमाशंकरच्या बाजूला गेल्या असताना त्यांनी संगणक विभागाच्या सरांना सांगून अख्खा संग्रह जुन्यातून नव्यात हलवला आणि विभागातला संगणक पुसून टाकला. विचारलं नाही. फोन करता आला असता. केला नाही.

मॅडम परत आल्या, बूट न काढता संगणकासमोर बसल्या, आणि यादी उघडली. मी शेजारीच होते. सगळी अक्षरं सरळ उभी. एकही नाव तिरपं नाही. खाली उतरवलेला दोन वर ओळीत येऊन बसलेला. मॅडम बराच वेळ यादी वर-खाली करत राहिल्या. मग उठल्या आणि चालायला लागल्या. त्या बुटांचा आवाज जिन्यावरून प्राचार्यांच्या केबिनपर्यंत गेला तेव्हा कारकून मंडळी खुर्च्या सोडून उभी राहिली होती.

प्राचार्य हसत म्हणाले, "बसा ना मॅडम. अहो, अक्षर न् अक्षर आलंय. मी स्वतः खात्री केली. एकही नोंद गहाळ नाही."

"तुमचं नाव उलटं लिहिलं तरी अक्षर न् अक्षर येईल, सर. लिहू का दारावर?"

"मॅडम, तिरपं-सरळ हा दिसण्याचा भाग झाला. मजकूर महत्त्वाचा."

"मजकूरच गेलाय. तुम्हाला तो दिसत नव्हता, म्हणून गेलेलाही दिसत नाही."

संगणक विभागाचे सर कोपऱ्यात उभे होते. त्यांच्याकडे वळून मॅडम म्हणाल्या, "आणि तुम्ही. ट्रक भरून सामान हलवतात तसं हलवलंत. काचेचं काय आहे ते बघायचं असतं." ते सर बिचारे सांगितल्याप्रमाणे वागलेले. त्यांचा चेहरा पडला. मॅडमना त्याचं काही नव्हतं. त्यांचा राग एकदा सुटला की वाटेत कोण आलं हे तो बघत नसे.

त्याच्या वाटेत पुढची मी होते.

माझा प्रबंध लिहून झालेला होता. तळेगावच्या एका कॉलेजात कायम स्वरूपाची जागा निघाली होती. आमच्याकडे अशी जागा निघणं म्हणजे काय, हे ज्यांनी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासावर पैसे घेऊन, वर्षं काढलीत त्यांनाच कळेल. मुलाखतीआधी प्रबंध विद्यापीठात जमा झालेला हवा होता, आणि त्यासाठी हवी होती फक्त गाईडची सही. मी कागद घेऊन मॅडमसमोर उभी राहिले. त्यांनी प्रबंध मागून उघडला, संदर्भांच्या यादीपासून. दोन पानं उलटली आणि मिटला.

"ही यादी जाणार नाही."

"मॅडम, परीक्षक यादी वाचत नाहीत."

"मी वाचते."

"मुलाखत आहे माझी. नंतर दुरुस्त करून देते, शपथ."

"नंतर कुणी काही दुरुस्त करत नाही. नंतर सगळे बढत्या घेतात."

"सॉफ्टवेअर तुम्ही बदललं नाही, मीही नाही. चूक प्राचार्यांची आणि शिक्षा मला?"

"शिक्षा नाही. यादी चुकली आहे. चुकलेल्या यादीवर मी सही करत नाही. कारण कुणाचं, हा वेगळा विषय."

मी विनवण्या केल्या, रडले, आवाज चढवला. त्या पेनाला टोपण लावून खिडकीबाहेर बघत बसल्या. घरी गेल्यावर आई म्हणाली, "बाई वेडी आहे का गं?" बाबांनी फोन करून पाहिला. मॅडमनी त्यांना 'शिक्षक असून असं सांगता?' म्हणून सुनावलं.

मी हट्टाला पेटले. घरी बसून यादीतलं एकेक नाव हातानं तिरपं केलं. सगळी एकदम बदलायची सोय असते, पण ती वापरता येत नव्हती. काही शीर्षकं मुळातच तिरपी छापायची असतात, त्यांत वनस्पतीचं नाव उलट सरळ ठेवायचं. मॅडमच्या नजरेतून ते सुटलं नसतं. डोळ्यांची आग होईपर्यंत बसले. संपलं. मग लक्षात आलं की तिसऱ्या प्रकरणात एक संदर्भ घालायचा राहिलाय. तो घातला. सॉफ्टवेअरनं आज्ञाधारकपणे सगळी यादी नव्यानं मांडली, त्याच्याकडं साठवलेल्या नोंदींवरून. सगळी नावं पुन्हा ताठ. मी माऊस भिंतीवर फेकला. तो फुटला याचं समाधान झालं.

हे मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "साहजिक आहे. तू पानं पुसत होतीस. कीड मुळाशी आहे." सहानुभूतीचा एक शब्द नाही.

पण दुसऱ्या दिवशी त्या संगणक विभागाच्या सरांकडे गेल्या. ज्यांना सगळ्यांदेखत ट्रकवाला ठरवलं होतं त्यांच्याकडे, माफी वगैरे न मागता. समोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "तिरपेपणा कुठं सांडला ते मला समजावून सांगा." सरही भले. त्यांनी सांगितलं, "मॅडम, एकातून दुसऱ्यात नेताना आपण जी फाईल काढली तिच्यात नुसती अक्षरं जातात. तिरपेपणा हे अक्षर नाही. कपड्यावर रंग चढवतात तसा तो वरून चढवलेला असतो. रंग मागेच राहिला."

मॅडम म्हणाल्या, "मग तिरपेपणाचं अक्षर करा."

सर हसायला लागले आणि मग हसायचे थांबले. कारण ते करता येत होतं. नव्या सॉफ्टवेअरला एक खूण कळत होती. शब्दाच्या आधी कोनी कंसात एक इंग्रजी अक्षर, शब्द संपला की तसंच दुसरं. ही खूण म्हणजे साधी अक्षरंच, त्यामुळे ती वाटेत गळणार नव्हती, आणि पलीकडे पोचली की यादीत तेवढा शब्द तिरपा होणार होता. फक्त खुणा करायच्या त्या जुन्या संग्रहात, जिथं तिरपेपणा अजून दिसत होता. कॉलेजातला संगणक पुसलेला. पण मॅडमच्या घरी, तुंगार्लीला, जुन्या संगणकाचा एक डबा होता, आणि त्यात संग्रहाची प्रत होती. प्राचार्यांवर त्यांचा पहिल्यापासूनच विश्वास नव्हता.

त्यांच्या घरी बसून एक नोंद करून पाहिली. खूण घातली, फाईल काढली, नव्यात नेली, यादी मांडली.

"कललं!" मॅडम एवढ्या जोरात ओरडल्या की शेजारची बाई गॅलरीत आली.

मग सगळा संग्रह तसाच, नोंदीमागून नोंद. शनिवार-रविवारी त्यांच्या गल्लीत मुंबईच्या गाड्या अडकून हॉर्न वाजवत. मॅडम मधूनच उठून खाली जात, एखाद्या गाडीवाल्याला झापून येत आणि पुन्हा कामाला बसत. मी एक शब्दही बोलत नव्हते. कारण तोवर मुलाखत होऊन गेली होती. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. मॅडमना मी ते सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हं. पुढची नोंद वाच."

यादी सुधारून प्रबंध गेला. मॅडमनी सही केली, तीही तारीख-वारासकट, सावकाश. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी मागची पानं अंगठ्यानं फर्रकन सोडली. "वा, बरेच संदर्भ आहेत," म्हणाले आणि चहाकडे वळले. मी मॅडमकडे बघितलं. त्या भिंतीकडे बघत होत्या.

त्यानंतर कायम जागा काही निघाली नाही. मी अजून तासिका तत्त्वावरच शिकवते, सुदुंबऱ्याच्या बाजूला.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा कॉलेजच्या सभागृहात निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. हार, शाल, नारळ. मीही गेले. मागच्या रांगेत मॅडमचा धाकटा भाऊ बसला होता, पांढरी टोपी, आंदर मावळातून बहिणीला न्यायला जीप घेऊन आलेला. प्राचार्य भाषणाला उभे राहिले. आधी संग्रहाचं कौतुक केलं, 'आपल्या महाविद्यालयाचा डिजिटल ठेवा' असं म्हणाले. मग आवाज खाली आणला.

"मॅडमना नावांचा एवढा आग्रह का, याचा मी खूप विचार केला," ते म्हणाले. "आणि मला उत्तर सापडलं. ज्या समाजातून त्या येतात, त्या समाजाला शतकानुशतकं कुणी नीट नावानं हाकच मारली नाही. त्यांच्या आजोबांनाही गाव मोडक्या नावानं बोलवत असेल. ती जखम आहे, मित्रहो. त्या जखमेतून ही तिरपी अक्षरं आली."

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मॅडम उत्तराच्या भाषणासाठी उठल्या. शाल खुर्चीवर काढून ठेवली.

"सर, तिरपी अक्षरं नियमातून आली," त्या म्हणाल्या. "पुस्तकात नियम आहे, मी तो वाचला, मला पटला, मी पाळला. तुमच्या घरी कुणी नियम पाळला की तुम्ही त्याला शिस्त म्हणता. मी पाळला की जखम? माझे अपमान झालेत. भरपूर झालेत. काही याच इमारतीत झाले. ते मी तुम्हाला भाषणासाठी दिलेले नाहीत. आणि मला न विचारता माझा संग्रह पुसलात, त्याची आज तरी दिलगिरी व्यक्त कराल असं वाटलं होतं. त्याऐवजी तुम्ही माझ्या आज्याला मध्ये आणलंत."

एवढं बोलून त्या मंचावरून उतरल्या आणि मधल्या वाटेनं बाहेर गेल्या. मग प्राचार्य माईकवर हसले. "मॅडम भावुक झाल्या आहेत. आपण समजून घेऊ." आणि लोकांनी माना डोलावल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समजून घेऊ! बाई इतकं स्वच्छ बोलून गेली, आणि यांना समजून घ्यायचंय.

मी बाहेर आले. भाऊ जीपचं दार उघडून उभा होता. मला म्हणाला, "ताई, त्ये सायब आमच्या आज्याचं काय म्हनत व्हते? मोडक्या नावानं कोन हाक मारतंय त्याला? पैलवान व्हता त्यो. समूर तर लांबच, पर पाठीमागं बी कुनी वाकडं बोलायचं न्हाई. लय तापट मानूस."

"भाऊ, गप बस आणि गाडी काढ," मॅडम आतून म्हणाल्या.

मी खिडकीशी गेले. दोन चांगले शब्द बोलावेत, नमस्कार करावा, असं ठरवून गेले होते. तोंडातून भलतंच आलं.

"माझी नोकरी गेली तुमच्यापायी."

"गेली," मॅडम म्हणाल्या.

"कुणी ती यादी बघितलीसुद्धा नाही. त्या माणसानं अंगठ्यानं पानं सोडली. तुम्ही समोर होतात."

"होते."

"एक सही. एका सहीनं तुमचं काय जात होतं? मी आजही तासावर शिकवतेय. सुट्टी लागली की पगार बंद. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की वाईट झालं. एकदाही! दगड आहात तुम्ही." माझा आवाज एवढा चढला होता की फाटकावरचा शिपाई बघायला लागला. भाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये तोंड घातलं नाही, मला समजावलं नाही.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग राहिलेलं गावच्या घरी येऊन बोल. वडगावातून सकाळी एसटी असते. भाऊ फाट्यावर न्यायला येईल." त्यांनी बुटांची नाडी सोडायला सुरुवात केली. मी त्यांना बूट काढताना पहिल्यांदाच बघत होते. "यादी बरोबर होती. सही न देणंही बरोबर होतं. तुझं नुकसान झालं, तेही खरं आहे. मला तिन्ही गोष्टी माहीत आहेत. पण आत एवढी माणसं होती, आणि एकालाही माझ्याशी भांडावंसं वाटलं नाही. सगळे कीव करून मोकळे झाले. तू भांडलीस, ते बरं केलंस."

जीप निघाली.

पुढच्या रविवारी मी सकाळची एसटी पकडली. राहिलेलं बोलायला.